लॅपटॉपचा आवाज नेमका कुठे अडला?

लॅपटॉपचा आवाज गेला तो एका मोठ्या अपडेटनंतर. रीस्टार्ट झालं, पडद्यावर सगळं जागच्या जागी आलं, व्हिडिओ लावला आणि स्पीकर गप्प. आवाजाची पट्टी पूर्ण वर, म्यूटची खूण नाही, व्हिडिओ सुरळीत चाललेला. माझं काम मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून शब्दांकन करण्याचं, त्यामुळे दिवसातला बराचसा वेळ हेडफोन लावलेलेच असतात. ते लावून पाहिले तर त्यांत आवाज खणखणीत. म्हणजे काम अडलं नाही, पण शेजारी बसलेल्या कुणाला काही ऐकवायचं म्हटलं की पंचाईत.

ज्याला सांगावं तो अपडेटच्या नावाने बोटं मोडायचा. एका मित्राने तर फोनवरच निकाल लावून टाकला, "फॉरमॅट मार आणि मोकळी हो." हा सल्ला मला कधीच पटलेला नाही. फॉरमॅटने बिघाड गेला तर तो कशाने आला होता हे कळायची वाट कायमची बुजते, आणि गेला नाही तर सगळी मांडामांड नव्याने करून आपण होतो तिथेच उभे. ड्रायव्हर, म्हणजे यंत्राच्या एखाद्या भागाशी बोलणारा प्रोग्रॅम, काढून पुन्हा घालणं हाही त्याच जातीचा उपाय. आवाज कुठवर पोचतोय आणि कुठे थांबतोय ते आधी बघायचं, तोवर कशालाही हात लावायचा नाही, असं ठरवून बसले.

लॅपटॉपमध्ये आवाजाचा प्रवास बऱ्यापैकी लांबचा असतो. प्लेअर आधी फाइल उलगडून तिचे नुसते आकडे करतो: सीडीच्या दर्जाचा आवाज असेल तर सेकंदाला ४४,१०० आणि व्हिडिओबरोबरचा असेल तर बहुधा ४८,०००, तेही डाव्या-उजव्या बाजूचे वेगवेगळे. हे आकडे लॅपटॉपमधल्याच साउंड सर्व्हर नावाच्या प्रोग्रॅमकडे जातात. ब्राउझर, प्लेअर, मेसेजची टिंग अशा सगळ्यांचे आवाज एकत्र करणं आणि ते कुठल्या वाटेने बाहेर सोडायचे हे ठरवणं त्याचं काम. तिथून ड्रायव्हर, ड्रायव्हरकडून कोडेक नावाची चिप. आकड्यांचा विजेच्या लहरीत कायापालट होतो तो या चिपमध्ये. मग अ‍ॅम्प्लिफायर, आणि शेवटी एकतर स्पीकरचा पडदा नाहीतर हेडफोनचा जॅक. आवाज गेला म्हणजे यातल्या कुठल्यातरी एका मुक्कामावर तो अडलाय. बाकीचे मुक्काम ठणठणीत असतात, आणि त्यांना छेडण्यात अर्थ नसतो.

माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिथे या मुक्कामांची नावं पिढीगणिक बदलत गेली, आणि नेटवर मिळणाऱ्या सल्ल्यांचा गोंधळ निम्मा त्यामुळेच आहे. ड्रायव्हरच्या पातळीवर पूर्वी ओएसएस असायचं. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) त्याची जागा अल्साने घेतली. वरच्या साउंड सर्व्हरची जागा २००७-०८ च्या सुमारास पल्सऑडिओने व्यापली. २०२१ च्या एप्रिलमध्ये लिनक्सच्या फेडोरा या अवताराच्या ३४ व्या आवृत्तीने पल्सऑडिओ बाजूला ठेवून पाइपवायर घेतलं आणि हळूहळू बाकीचेही त्या वाटेने गेले. उबंटूने ते २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केलं. आता शोधायला गेलं की २००९ चा, २०१५ चा आणि गेल्या वर्षीचा सल्ला एकाच पानावर शेजारी शेजारी बसलेला दिसतो. पल्सऑडिओ मारून पुन्हा सुरू करा म्हणून सांगणारे तर ढीगभर. तुमच्या मशीनवर पाइपवायर चालू असेल तर ती आज्ञा ज्याला मारायला निघाली आहे तो तिथे मुळात नसतोच. म्हणून सल्ला वाचायच्या आधी त्याची तारीख वाचायची सवय मी लावून घेतली आहे.

पहिला प्रश्न फार साधा: आकडे साउंड सर्व्हरपर्यंत पोचतायत का? त्यासाठी 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' नावाचा छोटा प्रोग्रॅम उपयोगी पडतो. नाव जुन्या सर्व्हरचं असलं तरी पाइपवायर त्याची भाषा बोलतं, त्यामुळे तो आजही चालतो. त्यात प्रत्येक प्रोग्रॅमच्या नावाखाली एक पट्टी असते आणि आवाज येत असला की ती थरथरते. माझी थरथरत होती. ब्राउझर सुटला, फाइल सुटली.

दुसरा प्रश्न: सर्व्हर आवाज पाठवतोय कुठे? इथे पुष्कळ जणांचं घोडं पेंड खातं. लॅपटॉपला एचडीएमआयने मॉनिटर जोडला की तोसुद्धा आवाजाची एक वाट म्हणून यादीत येतो, आणि कधीकधी सिस्टीम परस्पर त्याचीच निवड करते. मॉनिटरला स्पीकर नसला तर आवाज तिकडे जाऊन गडप. लॅपटॉप मुका झाल्याच्या तक्रारी यादीत वाट बदलल्यावर दोन क्लिकमध्ये मिटलेल्या मी पाहिल्या आहेत. माझ्याकडे मात्र निवड बरोबर होती: अंगचंच साउंड कार्ड. त्याच्याखाली आणखी एक खाना असतो, पोर्टचा. त्यात लिहिलेलं होतं, हेडफोन: जोडलेले. आणि स्पीकर: उपलब्ध नाही.

जॅकमध्ये काहीच नव्हतं. हेडफोन टेबलावर माझ्यासमोर पडले होते.

हेडफोन जोडलेत हे लॅपटॉपला कळतं कसं, ते इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. साडेतीन मिलिमीटरच्या त्या भोकात डावा, उजवा, ग्राउंड आणि माइक यांचे पत्रे असतात. त्यांच्याखेरीज एक बारकी स्प्रिंगची पट्टी असते. पिन आत गेली की ती ढकलली जाते, पिन काढली की जागेवर येते, अगदी दाराच्या खटक्यासारखी. जुन्या रेडिओमध्ये अशी पट्टी स्पीकरची तारच तोडायची. लॅपटॉपमध्ये ती काहीही तोडत नाही, फक्त कोडेकला कळवते. कोडेक ड्रायव्हरला सांगतो, ड्रायव्हर वर सर्व्हरला. मग दोन गोष्टी वेगवेगळ्या घडतात. ड्रायव्हर स्पीकर बंद करतो, याला ऑटो-म्यूट म्हणतात. आणि सर्व्हर पोर्ट बदलून हेडफोनचा करतो. या दोन गोष्टी सुट्या सुट्या आहेत हे माहीत नसलं तर माणूस वेडा होतो. एक दुरुस्त केली तरी दुसरी आवाज दाबून धरते, आणि केलेला उपाय चुकीचाच होता असं वाटून तो परत फिरवला जातो.

ड्रायव्हरला नेमकं काय दिसतंय ते विचारता येतं. अल्साबरोबर 'अमिक्सर' नावाची एक आज्ञा येते. तिला कार्डाच्या सगळ्या नोंदी विचारल्या की 'हेडफोन जॅक' अशी एक ओळ सापडते आणि तिच्याखाली ऑन किंवा ऑफ. माझ्याकडे ऑन. हेडफोन घातले, ऑन. काढले, तरी ऑन. निरोप देणारी पट्टी अडकलेली होती, नाहीतर तिचा निरोप वाटेत कुठेतरी चुकत होता.

राहता राहिलं अपडेट. ते दोषी की निर्दोष हे ठरवायला पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स पुरतं. मुद्दाम जुनी आवृत्ती घेतली, लॅपटॉप तिच्यावरून सुरू केला, हार्डडिस्कला हातही लावला नाही. तिथेही हेडफोन जोडलेले आणि स्पीकर मुके. अपडेट सुटलं. हा आळ त्याच्यावर आला कसा, याचंही उत्तर मग सापडलं. हेडफोन कायम लावलेले असल्यामुळे स्पीकर कधी गेले हे मला कळण्यासारखंच नव्हतं. अपडेटच्या रीस्टार्टनंतर हेडफोन न लावता पहिल्यांदा काहीतरी ऐकायला गेले, आणि वेळ जुळून आली. पेनड्राइव्हची ही चाचणी मी सगळ्यांना आवर्जून करायला सांगते. बिघाड सॉफ्टवेअरचा की यंत्राचा, ही एवढी एक गोष्ट पक्की झाली की अर्धे सल्ले वाचायचेच राहत नाहीत. उलटही खरं: पेनड्राइव्हवर स्पीकर बोलले असते तर मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतलाच नसता.

तात्पुरती सोय लगेच झाली. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'अल्सामिक्सर' उघडलं. तो आधी साउंड सर्व्हरचं एकच बोडकं बटण दाखवतो. एफ६ दाबून खरं कार्ड निवडलं की आतले सगळे खांब दिसतात. खांबाखाली दोन शून्यं म्हणजे वाट मोकळी, दोन एम म्हणजे बंद. त्या खांबावर जाऊन कीबोर्डवरचं एम दाबलं की उघडझाप होते. अगदी उजवीकडे 'ऑटो-म्यूट मोड' होता, तो बंद केला. स्पीकरच्या खांबाखाली दोन एम होते, ते काढले. मग व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये जाऊन, उपलब्ध नाही असं लिहिलेलं असतानाही, स्पीकरचं पोर्ट हाताने निवडलं. स्पीकर बोलले.

अर्थात ही सोय अर्धवटच होती. ऑटो-म्यूट बंद असल्यावर हेडफोन लावले तरी स्पीकर आपोआप गप्प होईलच अशी खात्री नाही. गोपनीय मुलाखत ऐकताना हे परवडणारं नाही.

म्हणून जॅककडे वळले. लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, टॉर्चने आत पाहिलं तर तळाशी कापसासारखा राखाडी पुंजका दाबून बसलेला. खिशातला, पिशवीतला धागा पिनला चिकटून आत जातो आणि दर वेळी पिन त्याला आणखी ठोसते. तो काढायला लाकडी काडी घेतली. सुई किंवा टाचणी अजिबात घालू नये. ती पट्टी वाकवते, आणि जी गोष्ट नुसती मळलेली होती ती मोडते. पुंजका निघाल्यावर पिनच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका हात लावला आणि ती आत-बाहेर केली. पाणी किंवा घरातलं साधं क्लीनर इथे चालत नाही. अल्कोहोल मागे काही न ठेवता उडून जातं म्हणून ते. पूर्ण वाळू दिलं, सुरू केलं, आणि 'हेडफोन जॅक'समोर ऑफ दिसला. लावले, ऑन. काढले, ऑफ.

हे सुख टिकलं नाही. काही दिवस बरे गेले, मग नोंद पुन्हा ऑनवर अडकायला लागली. कधी पिन जराशी हलवली की सुटायची, कधी नाही. पट्टीतला ताण गेला होता. पिन महिनोन्‌महिने आत ठेवली की स्प्रिंग कायम दाबलेली राहते आणि हळूहळू परत यायचं विसरते. ते साफसफाईने भरून येत नाही.

नवा जॅक बसवेपर्यंत एक बरा उपाय सापडला, आणि तो फार कमी ठिकाणी नीट सांगितलेला दिसतो. कोडेकच्या प्रत्येक पायाला एक नोंद असते: हा पाय स्पीकरचा की हेडफोनचा की माइकचा, तो यंत्राच्या आत आहे की बाहेर, आणि त्यावर काही जोडलंय का हे ओळखता येतं की नाही. लॅपटॉप तयार करणारे ही नोंद बायॉसमधून (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममधून) भरून देतात आणि ड्रायव्हर तिच्यावर विश्वास ठेवतो. 'एचडीएजॅकरीटास्क' नावाच्या प्रोग्रॅममधून ती नोंद डावलता येते. त्यात हेडफोनच्या पायासमोरचं जॅक ओळखण्याचं कलम 'नाही' असं केलं आणि हा बदल दर वेळी सुरू होताना लागू होईल असा साठवला. आता ड्रायव्हर अडकलेल्या पट्टीकडे लक्षच देईना. स्पीकर की हेडफोन, ही निवड मी हाताने करायची. अशी निवड एका कळीवर बांधून घेतली की त्रास वाटत नाही. पुढे मूळ स्थितीवर यायचं असेल तर त्याच प्रोग्रॅममध्ये साठवलेला बदल काढून टाकायचं बटणही आहे.

स्पीकर परत आल्यावर एरवी हेडफोनमध्ये कधी न जाणवलेल्या दोन कटकटी समोर आल्या. पहिली म्हणजे 'टक्'. शांततेनंतर कुठलाही आवाज सुरू झाला की आधी टक् व्हायचं, आणि तो थांबल्यावर क्षणभराने पुन्हा टक्. शब्दांकन करताना तर रेकॉर्डिंग थांबवत थांबवतच ऐकायचं असतं, म्हणजे दिवसभर टकटक. याचं कारण बॅटरी वाचवणं. इंटेलच्या २००४ च्या हाय डेफिनिशन ऑडिओ पद्धतीवर चालणाऱ्या कार्डांसाठी जो ड्रायव्हर आहे, त्याला 'पॉवर सेव्ह' नावाचा एक आकडा देता येतो: इतके सेकंद काही वाजलं नाही की कोडेकला झोपव. माझ्याकडे तो १ होता. बॅटरी वाचवणाऱ्या एका प्रोग्रॅमने ठेवलेला. चिप झोपताना आणि उठताना तिच्या बाहेर पडणाऱ्या वायरीवरचा व्होल्टेज उडी मारतो, आणि ती उडी स्पीकरच्या पडद्यावर टक् म्हणून ऐकू येते. आकडा ० केला, टक् बंद. चार्जर लावलेला असताना ० आणि बॅटरीवर असताना १० अशी मी आता वाटणी करून ठेवली आहे. एका सेकंदात झोपणाऱ्या कोडेकने अशी किती बॅटरी वाचते, हा प्रश्न मला अजून पडतो.

दुसरी कटकट दोन वेगळ्या आवाजांची होती, पण कानाला ते आधी एकच वाटले. एक करकर, तुटक, कधी यायची कधी नाही. एक घरघर, फक्त उजव्या बाजूने, खालच्या सुरात बोलणाऱ्या माणसाच्या आवाजावर. दोन्ही एकाच वेळी आले की काहीच उमजेना. मग पुन्हा हेडफोन. करकर हेडफोनमध्येही आली. म्हणजे ती स्पीकरच्या आधीच्या मुक्कामावरची. घरघर हेडफोनमध्ये नाही. म्हणजे ती स्पीकरची. एवढी साधी फारकत झाल्यावर दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या.

करकर आधी. साउंड सर्व्हर आवाज घोटाघोटाने पुढे सरकवतो. पाइपवायरचा नेहमीचा घोट १,०२४ आकड्यांचा, म्हणजे सेकंदाला ४८,००० च्या हिशोबाने साधारण २१ मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात पुढचा घोट तयार करून ठेवला नाही तर मध्ये रिकामी जागा पडते, आणि तीच कानाला करकर म्हणून जाणवते. 'पीडब्ल्यू-टॉप' नावाची आज्ञा हे सगळं चालू असताना दाखवते. तिच्यात चुकांचा एक रकाना असतो. करकर झाली की तिथला आकडा वाढत होता, आणि घोट १,०२४ ऐवजी १२८ चा दिसत होता. म्हणजे अडीच-पावणेतीन मिलिसेकंद. एवढ्या घाईत प्रोसेसर जरा दुसरीकडे गुंतला की फसलं.

१२८ मागितले कुणी? मागे उघडा राहिलेल्या एका रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमने. गाणारा माणूस स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकत गातो तेव्हा उशीर चालत नाही, म्हणून असे प्रोग्रॅम लहान घोट मागतात. आणि पाइपवायर सगळ्यांत लहान मागणीला मान देतं. एकाने १२८ मागितले की त्याच कार्डावर वाजणारं बाकीचं सगळं १२८ वर चालतं. मला गायचं नव्हतं. पाइपवायरच्या सेटिंगमध्ये घोटाची खालची मर्यादा ५१२ ठेवली, सर्व्हर पुन्हा सुरू केला, आणि चुकांचा रकाना जागचा हलेना. व्हिडिओ कॉलमध्ये करकर येणाऱ्यांनी मागे काय काय उघडं आहे ते एकदा बघावं; नेटच्या वेगाच्या नावाने उगाच ठणाणा केला जातो.

घरघरीसाठी लॅपटॉप उघडावा लागणारच होता, कारण तोवर नवा जॅकही हातात आला होता. पुष्कळ लॅपटॉपमध्ये जॅक मुख्य बोर्डावर नसतो. त्याच्यासाठी कडेला बोटभर लांबीचा वेगळा बोर्ड असतो आणि एका चपट्या केबलने तो जोडलेला असतो. माझ्या मॉडेलचं उघडून दुरुस्त करण्याचं पुस्तक आधी वाचलं आणि तसंच होतं हे बघून धीर आला. मुख्य बोर्डावर डाग देऊन बसवलेला जॅक असता तर मी ते काम कुशल माणसाकडे दिलं असतं. मागचे स्क्रू काढताना ते कागदावर त्यांच्या जागांप्रमाणे टेपने चिकटवले, कारण सगळे एका लांबीचे नसतात आणि लांब स्क्रू आखूड जागी घातला की तो आतून बोर्डात घुसतो. झाकण निघाल्यावर सगळ्यांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. मगच बाकीचं. चपट्या केबलला बारकी काळी पापणी असते, ती नखाने उचलायची आणि मग केबल सरळ ओढायची. पापणी न उचलता ओढली की काम वाढतं. जुना बोर्ड काढला, नवा बसवला.

मग उजवा स्पीकर. लॅपटॉपचे स्पीकर काडेपेटीएवढ्या चपट्या डबीत असतात आणि त्यांना रबराच्या बारीक वॉशरवर टेकवलेलं असतं. त्यांच्यात लोहचुंबक असतो, म्हणून जाळीतून आत गेलेला लोखंडाचा कण थेट तिथे जाऊन बसतो. उजव्या स्पीकरच्या पडद्याच्या कडेला दोन कण चिकटलेले दिसले. फुंकर मारून ते जात नाहीत. चिकटपट्टीचा तुकडा हलकेच टेकवून उचलले. एक वॉशरही सरकलेला होता, तो जागेवर आणला. झाकण लावायच्या आधी बॅटरी जोडून एकदा वाजवून पाहिलं. त्यासाठी गाणं लावू नये. लिनक्समध्ये 'स्पीकर-टेस्ट' नावाची आज्ञा आहे. ती एकेका बाजूने हव्या त्या कंपनसंख्येचा सरळ सूर वाजवते. १५० हर्ट्झपासून वर चढत गेले. घरघर आधी जिथे यायची, साधारण २५० ते ४०० च्या पट्ट्यात, तिथे ती फार कमी झाली होती. अगदी मोठ्या आवाजात थोडीशी राहिली, पडद्याच्या कडेचा गोंद सुटला असावा. तो स्पीकर मी बदललेला नाही. 'इझीइफेक्ट्स' या आवाजाची जुळवणी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्या पट्ट्याचा आवाज तीन डेसिबलने उतरवून ठेवला आहे आणि मला त्याने पुरतं.

नव्या जॅकनंतर डावललेली नोंद काढून टाकली, ऑटो-म्यूट पुन्हा सुरू केला. आता पिन घातली की स्पीकर गप्प, काढली की बोलके.

एवढं झाल्यावर घरात मला आवाजाची डॉक्टर करण्यात आलं. ताईच्या लॅपटॉपवर विंडोज, आणि तिची तक्रार, बोलणारा माणूस विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा वाटतो. "ताई, आधी हेडफोन लावून बघ, तसंच ऐकू येतं का?" तसंच येत होतं, म्हणजे स्पीकर निर्दोष. मग दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये, तिथेही तेच. साउंड सेटिंगमध्ये त्या आउटपुटच्या पानावर 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' असतात. आवाज भव्य करण्यासाठी लॅपटॉपबरोबर आलेली एक करामत तिथे चालू होती. बंद केल्यावर माणूस विहिरीतून वर आला. "एवढंच होतं होय!" ताई म्हणाली, आणि लगेच पुढची तक्रार काढली.

एका मित्राच्या नव्या लॅपटॉपवर लिनक्स घातल्यावर यादीत नुसतं 'डमी आउटपुट' दिसत होतं. हे दिसलं की व्हॉल्यूमशी खेळण्यात अर्थ नाही. ड्रायव्हरला कार्डच सापडलेलं नसतं. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये कोडेकच्या आधी आवाजावर काम करणारा वेगळा प्रोसेसर असतो आणि सुरू होताना त्याला त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत चालणारा प्रोग्रॅम, द्यावं लागतं. कर्नलचे संदेश वाचले तर फर्मवेअर सापडत नसल्याची ओळ स्पष्ट होती. 'साउंड ओपन फर्मवेअर'चं पॅकेज घालून रीस्टार्ट केल्यावर कार्ड दिसलं, आणि त्याबरोबर पडद्यावरचे दोन माइकही.

ताईची पुढची तक्रार ब्लूटूथची होती. हेडफोनमध्ये गाणी सुंदर, पण कॉल सुरू झाला की आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा. हे मात्र दुरुस्त करण्यासारखं नव्हतं. गाणी ए२डीपी नावाच्या पद्धतीने जातात, ती एकतर्फी; हेडफोनचा माइक चालू करायचा तर साध्या ब्लूटूथला हँड्स-फ्री पद्धतीवर यावं लागतं. तिथे सेकंदाला सहसा ८,००० किंवा १६,००० आकडे असतात आणि डावं-उजवं उरत नाही. हेडफोन बदलायची तिची तयारी झाली होती, ती थांबवली. कॉलच्या प्रोग्रॅममध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडून दिला आणि हेडफोन नुसते ऐकायला ठेवले. माइक मागितला जात नाही तोवर हेडफोन ए२डीपीवरच राहतात, आणि समोरच्यालाही तिचा आवाज आधीपेक्षा स्वच्छ जातो.